घुमारा आणि मूळ संहिता : हॅरिसनच्या एका ध्वनिमुद्रिकेच्या तीन आवृत्त्या

आपल्या तरुणपणीच्या ग्रंथाची तीस वर्षांनी नवी आवृत्ती निघत असताना लेखकाला स्वतःचीच जुनी शैली जड वाटू लागली, तर त्याने काय करावे? मजकूर सोलून हलका करावा, की प्रस्तावनेत आपली नाराजी नोंदवून मजकूर जसाच्या तसा छापू द्यावा? साहित्याच्या अभ्यासकांना हा प्रश्न परिचयाचा आहे. कवी आपल्या आरंभीच्या कविता पुढच्या आवृत्तीत बदलतात, कादंबरीकार प्रकरणे गाळतात, आणि मग कोणता पाठ प्रमाण मानावा यावर संपादकांचे वाद रंगतात. लोकप्रिय संगीताच्या संदर्भात मात्र हा प्रश्न आपल्याकडे क्वचितच विचारला जातो. जुन्या ध्वनिमुद्रिकेची ‘रीमास्टर्ड’ आवृत्ती म्हणजे धूळ झटकून ठेवलेली तीच वस्तू, अशी आपली समजूत असते. ही समजूत किती अपुरी आहे हे जॉर्ज हॅरिसनच्या ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ या ध्वनिमुद्रिकेच्या तीन आवृत्त्या शेजारी ठेवल्या की ध्यानात येते. पहिली १९७० ची, दुसरी हॅरिसनच्या हयातीतली आणि त्याच्याच देखरेखीखालची २००१ ची, आणि तिसरी त्याच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी मुलाने काढलेली २०२१ ची.

प्रथम मूळ कृतीविषयी. नोव्हेंबर १९७० च्या अखेरीस ही ध्वनिमुद्रिका बाजारात आली तेव्हा ती तीन तबकड्यांची होती. पहिल्या दोन तबकड्यांवर अठरा गाणी आणि तिसरीवर ‘ॲपल जॅम’ या नावाखाली पाच तुकडे, ज्यांत प्रामुख्याने वादकांनी एकत्र जमून उत्स्फूर्तपणे वाजवलेले संगीत होते. हॅरिसन त्या वेळी सत्तावीस वर्षांचा होता आणि बीटल्स हा समूह त्याच वर्षी फुटला होता. या विस्तारामागे एक साधे कारण होते. बीटल्सच्या ध्वनिमुद्रिकांवर लेनन आणि मॅकार्टनी यांच्या रचनांना अग्रक्रम असे, आणि हॅरिसनच्या वाट्याला सहसा एक किंवा दोन गाणी येत. १९६९ मध्ये ‘समथिंग’ आणि ‘हिअर कम्स द सन’ यांनी त्याची योग्यता सिद्ध केली, परंतु तोवर त्याच्याकडे न वापरलेल्या गाण्यांचा मोठा साठा जमला होता. ‘आर्ट ऑफ डाइंग’ची सुरुवात १९६६ मधली. शीर्षकगीताची तालीम बीटल्सनी जानेवारी १९६९ मध्ये केली आणि ते बाजूला ठेवले. ‘वाह-वाह’ हे गाणे त्याच महिन्यात, १० जानेवारीला, तालीम अर्धवट टाकून हॅरिसन काही दिवसांसाठी समूहातून बाहेर पडला त्या दिवशीचे. म्हणजे १९७० ची ही कृती नवी दिसत असली तरी तिच्यात चार वर्षांची साठवण होती.

या साठवणीत मुंबईचाही अंश आहे. १९६६ च्या सप्टेंबरात हॅरिसन पंडित रविशंकर यांच्याकडे सतार शिकण्यासाठी मुंबईत येऊन राहिला होता. जानेवारी १९६८ मध्ये तो पुन्हा आला आणि एचएमव्हीच्या मुंबईतील स्टुडिओत हिंदुस्थानी वादकांना घेऊन त्याने ‘वंडरवॉल’ या चित्रपटाच्या संगीताचा काही भाग ध्वनिमुद्रित केला. बीटल्सच्या ‘द इनर लाइट’ या गाण्याचे वाद्यसंगीतही त्याच मुक्कामातले. सतारीत आपण रविशंकरांच्या परंपरेतले वादक होऊ शकणार नाही हे ओळखून तो त्यानंतर गिटारकडे परतला खरा, पण रिकाम्या हाताने परतला नाही. १९६९ च्या अखेरीस त्याने तारांवरून नळी सरकवून वाजवण्याची ‘स्लाइड’ पद्धत आपलीशी केली. अमेरिकन ब्लूजमध्ये ही पद्धत जुनीच आहे. हॅरिसनच्या हाती मात्र तिला निराळे वळण लागले. स्वरावर झेप न घेता तो स्वराकडे सावकाश सरकतो, तिथे थोडा विसावतो आणि मगच पुढचा स्वर घेतो. मींड ऐकण्याची सवय असलेल्या आपल्या कानांना त्याचे हे वादन परके वाटत नाही, याचे कारण या शिक्षणात असावे असे आम्हांस वाटते.

आता निर्मितीकडे वळू. हॅरिसनने सहनिर्माता म्हणून फिल स्पेक्टरला बोलावले. १९६० च्या दशकाच्या आरंभी स्पेक्टरने ‘ध्वनीची भिंत’ म्हणून ओळखली गेलेली पद्धत रूढ केली होती. एकच स्वरावली अनेक गिटारवादकांकडून, अनेक पियानोवादकांकडून एकाच वेळी वाजवून घ्यायची आणि तो सारा नाद एका रिकाम्या खोलीत ध्वनिक्षेपकातून सोडून, तिथला घुमारा पुन्हा मूळ नादात मिसळायचा. परिणाम असा की, कोणते वाद्य कुठे संपते आणि कोणते कुठे सुरू होते हे सांगता येत नाही. देवळाच्या घुमटाखाली अनेकांनी एकत्र म्हटलेली आरती ऐकताना व्यक्तींचे आवाज विरतात आणि समूहाचा एक आवाज उरतो, तसे काहीसे. हॅरिसनच्या ध्वनिमुद्रणासाठी जमलेले वादकही या पद्धतीला साजेसे होते. एरिक क्लॅप्टन, रिंगो स्टार, बिली प्रेस्टन, क्लाउस फूरमन, गॅरी राइट, जिम गॉर्डन, बॉबी व्हिटलॉक, नॅशव्हिलहून आलेला पेडल स्टील वादक पीट ड्रेक, आणि साध्या गिटारींचा थर रचण्यासाठी ‘बॅडफिंगर’ या समूहातील मंडळी. वाद्यवृंदाची रचना जॉन बारहॅमची होती.

हे काम मे १९७० मध्ये सुरू झाले आणि ऑक्टोबरपर्यंत चालले. मध्यंतरी, जुलैमध्ये, हॅरिसनची आई कर्करोगाने वारली. स्पेक्टरची प्रकृती आणि मद्यपान यांमुळे तो बराच काळ अनुपस्थित होता, आणि नंतरचे पुष्कळसे संस्करण हॅरिसनने ध्वनितंत्रज्ञांच्या साहाय्याने स्वतःच केले. ऑगस्टमध्ये स्पेक्टरने प्रत्येक गाण्याविषयी आपल्या सूचना पत्राने कळवल्या. तेव्हा ही ‘भिंत’ एकट्या स्पेक्टरने उभारली आणि हॅरिसन हतबलपणे पाहत राहिला, असे चित्र रंगवणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. विटा दोघांनी रचल्या होत्या.

आणि त्या विटांना अर्थ होता. ‘माय स्वीट लॉर्ड’ हे या ध्वनिमुद्रिकेतील सर्वांत प्रसिद्ध गाणे, बीटल्स फुटल्यानंतर त्यांच्यापैकी कोणाचेही अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये प्रथम क्रमांकावर पोहोचलेले पहिले एकल गीत. गाण्याची सुरुवात काही साध्या गिटारींनी आणि एका संकोची आवाजाने होते. मग मागून समूहस्वर येतो. तो प्रथम ख्रिस्ती परंपरेतला ईशस्तुतीचा उद्गार घोळवतो आणि नकळत कृष्णरामाच्या नामजपाकडे वळतो, पुढे त्यात गुरुवंदनेचा संस्कृत श्लोकही मिसळतो. हा समूहस्वर बव्हंशी हॅरिसनचाच आहे, एकावर एक थर देऊन वाढवलेला. म्हणजे एकटा माणूस स्वतःच्याच आवाजांचा मेळा जमवून भजन करतो आहे. घुमारा नसता तर हे थर सुटे सुटे ऐकू आले असते आणि ती केवळ तांत्रिक करामत वाटली असती. घुमाऱ्यामुळे त्याची मंडळी होते. याउलट ‘वाह-वाह’मध्ये तोच घुमारा गजबजाट आणि घुसमट निर्माण करतो. डोके उठवणाऱ्या कटकटीविषयीचे हे गाणे आहे आणि त्याचा नादही तसाच आहे. ध्वनिमुद्रणानंतर ते प्रथम ऐकताना हॅरिसनला तो नाद मुळीच रुचला नव्हता, आणि पुढे हळूहळू त्याची सवय झाली, असे त्यानेच नंतर सांगितले आहे. म्हणजे लेखक आणि त्याची शैली यांच्यातला बेबनाव पहिल्या दिवसापासूनचा होता.

पुनर्प्रकाशनाची चर्चा करण्यापूर्वी दोन संज्ञांमधला भेद स्पष्ट केला पाहिजे. स्टुडिओत प्रत्येक वाद्य आणि आवाज फितीच्या वेगवेगळ्या पट्ट्यांवर मुद्रित होतो. १९७० मध्ये अशा आठ किंवा सोळा पट्ट्या उपलब्ध असत. त्या पट्ट्यांचे प्रमाण ठरवून, कोणता आवाज पुढे, कोणता मागे, कोणता डावीकडे, कोणावर किती घुमारा हे निश्चित करून, दोन मार्गिकांची अंतिम फीत बनवतात. याला मिश्रण म्हणतात. त्या अंतिम फितीवरून तबकडी वा सीडी घडवताना एकूण आवाजाची पातळी, खर्ज-तार यांचा तोल, फितीची खरखर यांवर जो शेवटचा हात फिरतो, ते मास्टरिंग. तेव्हा ‘रीमास्टर’ म्हणजे त्याच अंतिम फितीवरून नव्याने काढलेली प्रत. छपाईच्या भाषेत सांगायचे तर टंक नवा, कागद चांगला, शब्द तेच. ‘रीमिक्स’ म्हणजे मात्र सुट्या पट्ट्यांकडे परत जाऊन वाक्यांची नवी मांडणी करणे. आपल्याकडे २००० नंतरच्या काही वर्षांत जुन्या हिंदी गाण्यांना नाचाचे ठेके जोडण्याला रीमिक्स म्हणत, तो अर्थ येथे अभिप्रेत नाही. बाहेरचे काहीही न जोडता केवळ प्रमाण बदलूनही कृतीचा आशय बदलू शकतो, हा येथला मुद्दा आहे.

जानेवारी २००१ मध्ये हॅरिसनने जी तिसाव्या वर्षाची आवृत्ती काढली ती या अर्थाने रीमास्टर होती. तोवर त्याच्या आयुष्यात बरेच काही घडून गेले होते. १९९७ मध्ये घशाच्या कर्करोगावर उपचार झाले होते. १९९९ च्या डिसेंबरअखेरीस फ्रायर पार्क या त्याच्या राहत्या घरात शिरून एका माणसाने त्याच्यावर चाकूहल्ला केला होता, त्यातून तो थोडक्यात बचावला. या आवृत्तीसोबतच्या टिपणात त्याने प्रांजळपणे लिहिले की, त्या काळी योग्य वाटलेला घुमारा आता अतिरेकी वाटतो, आणि काही गाणी या अवजड निर्मितीतून सोडवून नव्याने मिश्रित करावीत असा मोह झाला. परंतु त्याने तो मोह आवरला. मिश्रण जुनेच ठेवले.

बदल केले ते मुख्य मजकुराच्या बाहेर. पाच जादा ध्वनिमुद्रणे जोडली. त्यांत पूर्वी अप्रकाशित राहिलेले ‘आय लिव्ह फॉर यू’ होते, केवळ गिटारच्या साथीवर म्हटलेले ‘बिवेअर ऑफ डार्कनेस’ होते, आणि मुलगा धनी व गायिका सॅम ब्राउन यांच्या साथीने नव्याने गायलेले ‘माय स्वीट लॉर्ड’ही होते. या शेवटच्या गाण्याला आणखी एक पदर आहे. १९७६ मध्ये अमेरिकन न्यायालयाने निर्णय दिला होता की या गाण्याची चाल ‘द शिफॉन्स’ या समूहाच्या १९६३ मधील ‘हीज सो फाइन’शी जुळते, आणि हे अनुकरण हेतुपुरस्सर नसले तरी अबोध मनातून घडले आहे. कानावर पडून गेलेले एक गाणे मनात घुमत राहिले आणि आपले म्हणून बाहेर आले, असा त्या निकालाचा आशय. ज्या गाण्याने इतका मनस्ताप दिला ते तीस वर्षांनी पुन्हा गाताना जुने पुसून नवे त्याजागी बसवण्याची संधी त्याला होती. त्याने नवे गाणे जुन्याच्या जागी बसवले नाही, पुरवणीत ठेवले. या पुरवण्या पहिल्या तबकडीच्या शेवटी, म्हणजे मूळ कृतीच्या ऐन मध्यावर आल्याने सलग ऐकणाराचा रसभंग होतो, हा संपादनातला दोष मान्य केला पाहिजे.

मुखपृष्ठावरचा बदल मात्र सूचक होता. मूळ छायाचित्र बॅरी फाइनस्टाइनचे, कृष्णधवल : फ्रायर पार्कच्या हिरवळीवर, चार बुटक्या उद्यानपुतळ्यांच्या मध्ये, गमबूट घालून बसलेला हॅरिसन. २००१ च्या आवृत्तीत त्याला रंग दिले, आणि आतल्या वेष्टनांवर तेच चित्र टप्प्याटप्प्याने बदलत नेले. मागे इमारती उभ्या राहतात, रस्ते येतात, हिरवळ आक्रसते. ‘सारे काही सरते’ असे सांगणाऱ्या ध्वनिमुद्रिकेवर जगाच्या बदलाविषयीचे हे तिरकस भाष्य होते. चित्रावर भाष्य करायला तो धजला, पण नादाला त्याने हात लावला नाही. २९ नोव्हेंबर २००१ रोजी, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी तो गेला. जानेवारी २००२ मध्ये ‘माय स्वीट लॉर्ड’ इंग्लंडमध्ये पुन्हा प्रथम क्रमांकावर आले, आणि ते जुने, घुमाऱ्यासकटचे गाणे होते.

तिसरी आवृत्ती ऑगस्ट २०२१ मधली. २०१४ मध्ये एक रीमास्टर येऊन गेला होता, पण या वेळी धनी हॅरिसनच्या देखरेखीखाली पॉल हिक्सने सुट्या पट्ट्यांवरून संपूर्ण ध्वनिमुद्रिकेचे नवे मिश्रण केले. अधिक स्पष्टता ही वडिलांचीच इच्छा होती, अशी भूमिका धनीने मांडली आणि २००१ च्या टिपणाकडे पाहता ती निराधार नाही. नव्या मिश्रणात हॅरिसनचा आवाज पुढे आला आहे, खर्ज भरदार झाला आहे, घुमारा पुष्कळ कमी झाला आहे. पूर्वी धुक्यात हरवलेली वाद्ये ओळखू येतात. ‘बिवेअर ऑफ डार्कनेस’सारख्या गाण्यात शब्द आणि उच्चार यांना नवे वजन मिळते. सोबत मे १९७० च्या अखेरीस दोन दिवसांत केलेली कच्ची ध्वनिमुद्रणेही मोठ्या संचात दिली आहेत : पहिल्या दिवशी रिंगो आणि फूरमन यांच्या साथीने, दुसऱ्या दिवशी स्पेक्टरला ऐकवण्यासाठी एकट्याने म्हटलेली. अभ्यासकाला याहून मोलाची सामग्री मिळणे कठीण, कारण यांत गाणी भिंत बांधण्याआधीच्या अवस्थेत भेटतात.

मग अडचण कोठे आहे? नवे मिश्रण हेच यापुढे ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ मानावे काय, येथे आहे. पाठचिकित्सेत लेखकाच्या अंतिम इच्छेला मोठे वजन देणारा एक संप्रदाय आहे. त्या न्यायाने नवी आवृत्ती समर्थनीय ठरते, कारण लेखकाने घुमारा नको असे लिहून ठेवले आहे. आमचा आक्षेप असा की, लेखकाची इच्छा त्याच्या उद्गारांतून जितकी कळते तितकीच त्याच्या कृतीतूनही कळते. हॅरिसनकडे २००१ मध्ये मूळ फिती होत्या, अधिकार होता, स्वतःचे मत होते, आणि तरीही त्याने मिश्रण बदलले नाही. हा निर्णयही त्याचाच आहे, आणि त्याच्या हयातीतला अखेरचा आहे. टिपणातली नाराजी आणि जुन्या नादाचा स्वीकार ही दोन्ही एकत्र वाचली पाहिजेत. शिवाय ही कृती एकट्याची नव्हे. स्पेक्टर २००९ मध्ये खुनाच्या आरोपात दोषी ठरला आणि जानेवारी २०२१ मध्ये कैदेत असताना मरण पावला. अशा माणसाचा ठसा पुसून काढणे आज कोणालाही सुखाचे वाटेल. परंतु माणसाच्या अपराधाचा निवाडा त्याच्या हातून झालेल्या कामाच्या संहितेवर बजावता येत नाही, आणि त्या भिंतीत उभे राहून वाजवणाऱ्या इतर वादकांचे तर त्यात काहीच चुकलेले नव्हते.

बीटल्सच्या ‘लेट इट बी’चे उदाहरण याच संदर्भात आठवते. स्पेक्टरने १९७० मध्ये तिच्यावर चढवलेला वाद्यवृंद मॅकार्टनीला खटकत होता, आणि २००३ मध्ये तो उतरवून ‘लेट इट बी... नेकेड’ या नावाने निराळी आवृत्ती निघाली. तिचे काय गुणदोष असतील ते असोत, पण तिने निराळे नाव घेतले हे शहाणपणाचे झाले. दोन पाठ दोन नावांनी नांदू लागले.

आपल्याकडे याहून थोर उदाहरण आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम आरंभिले आणि १९६६ मध्ये ते पूर्णत्वास नेले. डॉ. वि. सी. सुखटणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेकडो हस्तलिखिते ताडून मुख्य पाठ निश्चित केला, आणि त्यात न बसणारे श्लोक फेकून दिले नाहीत. ते त्याच पानाच्या तळाशी आणि परिशिष्टांत ठेवले. वाचकाला संपादकाचा निर्णय दिसतो आणि तो निर्णय तपासण्याची सोयही मिळते. महाभारताच्या संपादकांना मूळ कर्त्याची प्रत उपलब्ध नव्हती आणि येथे ती फितीच्या रूपाने हाती आहे, हा भेद मोठा आहे. तथापि नीती तीच लागू पडते : जो पाठ बाजूला सारायचा तोही वाचकाच्या हाताशी राहिला पाहिजे.

तेव्हा २०२१ च्या आवृत्तीला आम्ही भाष्य मानतो, आणि उत्तम भाष्य मानतो. मुलाने वडिलांची ओळ न ओळ जवळून वाचून लिहिलेले ते भाष्य आहे. परंतु भाष्य मूळ सूत्रांच्या जागी छापले जात नसते. गाणी आता बहुधा संगणकावर आणि दूरध्वनीवर ऐकली जातात, तिथे पहिल्यांदा जी आवृत्ती समोर येते तीच पुढच्या पिढीला मूळ वाटते, आणि तबकडीच्या वेष्टनावरचे टिपण वाचण्याची सोय नसते. साहित्याच्या वर्गात आपण विद्यार्थ्यांना आवृत्तीचे वर्ष पाहायला शिकवतो. गाण्याच्या बाबतीतही ते शिकवण्याची वेळ आली आहे.

विद्यार्थ्यांना आम्ही एवढेच सुचवू की ‘इझन्ट इट अ पिटी’ हे गाणे तिन्ही क्रमांनी ऐकावे. प्रथम मेमधले कच्चे ध्वनिमुद्रण, मग १९७० चे मिश्रण, मग २०२१ चे. पहिल्यात खंत एका माणसाची आहे. तिसऱ्यात ती त्याच माणसाची, पण भरल्या सभेत बोलून दाखवलेली. मधल्यात, त्या अतिरेकी म्हटल्या गेलेल्या घुमाऱ्यात, ती कोणा एकाची राहत नाही. हॅरिसनला ते नंतर जड वाटले असेल. पण १९७० च्या त्या उन्हाळ्यात समूह गमावलेल्या आणि आई गमावलेल्या त्या तरुणाने एवढी माणसे भोवती का जमवली असतील, हे त्या जडपणावाचून आपल्याला कळले नसते.